हंसाने अंग झाडलं का?

देवराईच्या फाटकाला त्यांनी फुगे बांधले होते. लाल आणि पांढरे. गाडीतून उतरताना पहिले तेच दिसले. सुरेमच्या, आमच्या उन्हाळी सणाच्या, प्रार्थनेला उपाशी जायचं असतं, म्हणून आदल्या संध्याकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. फाटकाच्या अलीकडे एक माणूस सळयांवर डुकराचं मांस भाजत होता आणि त्याचा धूर सरळ आत, झाडांमध्ये चालला होता.

"आजी, आत्तापासून नाक मुरडू नकोस. आत तरी जाऊ दे," माझी नात वेरुक म्हणाली. तिचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा पोटाखाली. सातवा महिना.

"नाक माझं आहे," मी म्हटलं. "मुरडीन नाहीतर कापून ठेवीन."

"काप. आजोबा त्याच नाकावर भाळले होते म्हणे."

"तुझे आजोबा माझ्या भाकरीवर भाळले होते. चल, टोपली धर."

टोपलीत मेणबत्त्या, मध, घरची भाकरी आणि मी विणलेला टॉवेल होता. देवाला द्यायचा पाळीव हंस मात्र आमच्याजवळ नव्हता. यंदा पक्षी सकाळी सहालाच आणून द्या, असा संस्कृती खात्याचा निरोप आला होता. नातजावई भल्या पहाटे येऊन त्याला पेटीत घालून घेऊन गेला. जाताना हंसाने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. बरं वाटलं मला. दोन वर्षांचा नर होता, एकही करडं पीस नसलेला. गल्लीतल्या सगळ्यांच्या पोटऱ्यांना तो चावून झाला होता. या दिवसासाठीच मी त्याला वाढवला होता.

माझे वडील या देवराईचे कार्त होते. थोरल्या लिंडनच्या झाडाखाली उभं राहून सात गावांच्या वतीने देवाशी बोलायचं, हे त्यांचं काम. तेव्हा अशा प्रार्थनेला सरकारची बंदी होती, त्यापायी त्यांना दोनदा पोलिसांनी नेलं. एकदा परत आले तेव्हा पुढचे चार दात नव्हते, तरी त्या वर्षीची प्रार्थना त्यांनी अडखळत का होईना, पूर्ण म्हटली. तेव्हा इथे फाटक नव्हतं. दांडक्यांचं कुंपण होतं आणि एक जागा मोकळी सोडलेली असायची. पहाटे आम्ही पाच पाच, सहा सहा जण निघायचो. टोपलीवर कापड. कुणी विचारलं तर आळंबी गोळा करायला चाललोय. आदल्या दिवशी वाफेच्या न्हाणीत अंग घासून धुतलेलं असायचं, पेटीतला पांढरा झगा अंगात असायचा. वाटेत कुणाशी वाकडं बोलायचं नाही. आत शिरलं की आवाज खाली. आतलं एक बोरसुद्धा तोंडात टाकायचं नाही. मी सहा वर्षांची असताना रासबेरी तोडून खाल्ली होती, तर आईने मला उचलून कुंपणाबाहेर नेलं, तोंड धुवायला लावलं आणि मग परत आत घेतलं. रागावली नाही. नुसतं तोंड धुतलं.

आता आत शिरले तर लिंडनला लागून ध्वनिक्षेपकाचे दोन काळे खांब उभे होते. त्यांतून एक बाई गात होती. आमचंच गाणं, लग्नातलं, पण मागे ढोलाचं यंत्र धडाधड वाजत होतं. पायाखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. एक मुलगी फांदीला लोंबकळत होती आणि तिची आई तिचा फोटो काढत होती.

"ओव्दाचीअक्का!"

ही साल्विका. आमच्या घराला घर लागून. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण मोतीबिंदूमुळे डोळे माझ्याहून म्हातारे. ती माझा आवाज ऐकूनच आली होती.

"अगं, किती गर्दी! नुसते पांढरे पांढरे ठिपके दिसताहेत मला. एवढी माणसं देवाला यायला लागली, बघ."

"देवाला कुठली, सळयांना आलीत," मी म्हटलं.

"झालं हिचं सुरू! वेरुक, हिला घरात कोंडून का आली नाहीस गं?"

"कोंडलं होतं, साल्विकाआजी. खिडकीतून आली."

साल्विका हसली. मग माझा दंड धरून हळूच म्हणाली, "माझापण पक्षी दिलाय सकाळी. याकिमसाठी. पुढच्या बुधवारी कापताहेत गाठ." याकिम तिचा एकुलता एक. उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला. गळ्याला गाठ आलेली.

तिचा माझ्यावर एक उपकार होता, तो इथे सांगितला पाहिजे. वेरुकचं दुसरं मूल पोटातच गेलं तेव्हा, दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, साल्विका माझ्याकडे येऊन बसली. चहा प्यायली. मग म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुझ्या यजमानांनी नवस बोलला होता, तो फेडलास ना?" मला काहीच माहीत नव्हतं. आमचा कोस्त्या, वेरुकचा बाप, पंचाऐंशी साली लाकडाच्या ट्रकसकट बर्फ फुटून नदीत गेला होता. तीन दिवस पत्ता नव्हता. त्या तीन दिवसांत आमचे हे साल्विकाच्या नवऱ्याजवळ बोलले होते की पोरगा परत आला तर थोरल्या देवराईत पांढरा हंस देईन. पोरगा आला. पायाची दोन बोटं गेली, पण आला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हे गेले. मला सांगायचं राहून गेलं. साल्विकाचा नवरा समजला, दिला असेल.

तेहतीस वर्षं तो नवस आमच्या घरावर बसून होता आणि मी त्याखाली नांदत होते. तरणीताठी पोरगी, दोन्ही मुलं पोटातच गेलेली. आता हे तिसरं यायच्या आत तो फेडायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पक्षी नाचगाण्यासाठी बांधलेल्या मंचामागे ठेवलेत असं कळलं, तशी मी बघायला गेले. बारा पेट्या एका रांगेत, प्रत्येक हंसाच्या पायाला नंबर. माझा अकरावा. मी वाकून पाहिलं तर ओळखूच येईना. पिसं अंगाला चिकटलेली, मान बारीक झालेली. पेटीखाली चिखल आणि त्यात साबणाचा फेस.

शेजारी अग्निशमनाची गाडी उभी होती. तिच्या पायरीवर बसलेला गडी सिगारेट ओढत म्हणाला, "आजी, तुमचापण आहे का? चकाचक केलेत बघा सगळे. तासभर नळी धरली होती. भांड्यांचा साबण लावला दोन बाटल्या. बाईंनी सांगितलं, टीव्हीवर पिवळट दिसायला नकोत."

त्याला काय सांगणार? तो परगावचा होता.

पण झिनाइदा पेत्रोव्ना परगावची नव्हती. संस्कृती खात्याची ही बाई शेजारच्याच गावात जन्मलेली, तिच्या आजीला मी ओळखत होते. आजीने हातांनी भरलेला झगा हिच्या अंगावर होता आणि त्याखाली उंच टाचांचे बूट.

"झिना, हंसांना पाणी मारलंस?"

"ओव्दाचीआजी! तुम्हाला शोधतेय मी. तुम्ही पहिल्या रांगेत, अगदी कार्तकाकांच्या शेजारी. जुन्या कार्तांची मुलगी, टीव्हीवाल्यांना सांगून ठेवलंय मी."

"मी विचारलं, पाणी मारलंस का?"

"स्वच्छता नको का, आजी? आरोग्य खात्याचे लोक येणार आहेत."

"सकाळपासून भिजलेल्या पक्ष्याला आणखी ओंजळभर पाणी कसं कळणार गं?"

तिला माहीत होतं, मी काय म्हणतेय ते. तिच्या आजीच्या घरी तिने दहा वेळा पाहिलं असेल. मग ती म्हणाली, "कार्तकाका बघून घेतील," आणि टाचा मातीत रुतवत निघून गेली.

आमची रीत साधी आहे. पक्षी हातात धरून कार्त देवाला विचारतो, हे घेशील का? मग डहाळीने त्याच्या पाठीवर पाणी सोडतो. पक्ष्याने अंग झाडलं, शहारला, तर देवाने घेतलं. नाही झाडलं तर पुन्हा विचारायचं. सात वेळा विचारता येतं. सातव्यालाही पक्षी गप्प, तर तो घरी न्यायचा. अंग झाडलं नाही तर सुरी लागत नाही. सत्तेचाळीस साली, लोक गवताच्या बियांच्या भाकऱ्या खात होते तेव्हा, वडिलांनी एक मेंढा परत पाठवलेला मी पाहिलाय. सगळ्या सात गावांत मिळून तो एक मेंढा. दीडशे माणसं, सकाळपासून उपाशी, रिकाम्या कढईकडे बघत होती. मी दहा वर्षांची. भुकेने मला मेंढ्याचा राग आला होता, वडिलांचा त्याहून जास्त. सात वेळा पाणी सोडलं, मेंढा दगडासारखा उभा. वडील म्हणाले, "नाही म्हणतोय." एवढंच. लोक उठले, गुडघे झटकले आणि घरी गेले.

आता कार्त आहे तो येर्मी, माझ्या भावाचा मुलगा. वडिलांनी त्याला लहानपणापासून शिकवलं. वडिलांचा अख्खा दीड तासाचा पाठ त्याला येतो, आणि तो म्हणताना त्याचा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखा होतो. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी झिनाइदा त्याच्या कॉलरला मायक्रोफोनचं बोंडूक लावत म्हणत होती, "चार मिनिटं, कार्तकाका. देवांची नावं निम्मी केली तरी चालतील. मुख्य मुख्य घ्या."

मला वाटलं, तो आता बोंडूक उपटून फेकेल. त्याने डोक्यावरची पांढरी टोपी सरळ केली आणि मान हलवली.

त्याने देवांची नावं निम्मी केली. वाऱ्याची आई गाळली. पिकांची राखण करणारा गाळला. जन्माची आई, जिच्यासाठी मी वेरुकला घेऊन आले होते, ती घेतली, पण अशी घाईत की नाव संपायच्या आत पुढचं सुरू. ध्वनिक्षेपक मधूनच कुंईऽऽ करून किंचाळायचा आणि मागे पोरं हसायची. आम्ही गुडघ्यांवर होतो. माझ्या पुढ्यात एक टीव्हीवाला पाठमोरा उकिडवा बसला होता. त्याची विजार खाली सरकली होती. ते कुल्ले बघत मी देवाला हात जोडले. एक्क्याऐंशी वर्षांत मला प्रार्थनेत ओकारी आली नव्हती, ती त्या दिवशी आली. गिळली.

मग हंस आणायला सुरुवात झाली. येर्मीचा मदतनीस मिक्लाय एकेक पक्षी बगलेत धरून पुढे आणत होता. पहिल्या हंसावर पाणी सोडलं. काही नाही. दुसऱ्यांदा सोडलं. हंस चोच उघडून उन्हात गार पाण्याचा आनंद घेत असावा. येर्मीने मिक्लायकडे बघितलं. तिसऱ्यांदा पाणी सोडलं आणि हंसाने असं काही अंग झाडलं की टीव्हीवाल्याच्या काचेवर थेंब उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवराईत टाळ्या!

दुसरा हंस दुसऱ्याच वेळी शहारला. तिसरा पहिल्याच वेळी. चौथ्याला मी बघितलं.

मिक्लायचा अंगठा हंसाच्या पंखाखाली होता. येर्मीने डहाळी हलवली, की तो अंगठा आणि पहिलं बोट मिटायचं. मऊ जागेवर, जिथे पीस नसतं तिथे. चिमटा. हंस हिसका मारायचा, टाळ्या पडायच्या, येर्मी म्हणायचा, "घेतलं." आणि पुढचा.

माझं रक्त डोक्यात चढलं नाही. मला वाटलं होतं राग येईल. पण आली ती शिसारी. ताटात केस निघावा, पाण्याच्या घोटात बुळबुळीत काही लागावं, तशी. आणि ती मिक्लायची नव्हती. येर्मीच्या चेहऱ्याकडे बघून आली. तो वडिलांच्या आवाजात "घेतलं" म्हणत होता आणि त्याची नजर पक्ष्यावर नव्हती, मिक्लायच्या अंगठ्यावर होती.

दहावा हंस साल्विकाचा. ती माझ्या मागेच गुडघ्यांवर होती. "झाडलं का? झाडलं का गं?" कुजबुजत होती. टाळ्या ऐकल्यावर तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. ती रडत होती.

मग माझा आणला. मिक्लायने त्याला धरलं, अंगठा आपल्या जागी गेला. मी उठले. गुडघ्यांनी त्रास दिला, तरी उठले आणि हंसाच्या पाठीवर हात ठेवला.

"सोड," मी मिक्लायला म्हटलं.

"बाजूला हो, आत्या," येर्मी म्हणाला आणि ते "आत्या" दोन्ही काळ्या खांबांतून अख्ख्या देवराईला ऐकू गेलं. लोक हसले. त्याने घाईने बोंडकावर मूठ दाबली. "काय करतेयस? सगळं थांबलंय."

"अंगठा काढायला सांग त्याला."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "नंतर बोलू."

"माझ्या नवऱ्याचा नवस आहे. तेहतीस वर्षांचा. चिमट्याने फेडू?"

"आत्या, पाया पडतो. नंतर."

मी हंस ओढून घेतला. मिक्लायने सोडला, कारण हंस त्याला चावला. झिनाइदा पुढे येऊन माईकमध्ये म्हणाली की आजींना उन्हाचा त्रास झालाय, आपण बाराव्याकडे वळू. पुन्हा टाळ्या पडल्या. म्हातारीला निरोप म्हणून असतील.

वेरुक धावत आली. "आजी, काय झालं? नाही म्हणाला का?" तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हात पोटावर.

"नाही म्हणाला नाही," मी म्हटलं. "अजून विचारलंच नाहीये. पक्षी ओला आहे. वाळला की विचारू."

"असं चालतं?"

"न चालायला काय झालं? जा, सावलीत आडवी हो."

ती गेली. मी कुंपणाबाहेर, उन्हात, हंस मांडीवर घेऊन बसले. झग्याच्या टोकाने त्याला पुसत होते. साबणाने त्याच्या पिसांचं सगळं तेल गेलं होतं, हाताला ती गवतासारखी लागत होती. आणि मला खरी भीती तिथे बसल्यावर वाटली. हा वाळूनही शहारला नाही, तर? देव नाही म्हणाला की साबणाने नाही म्हटलं, हे मला कसं कळणार? उत्तर ऐकायची एकच वाट आमच्याकडे होती, तीही या लोकांनी नळी लावून धुऊन टाकली.

चार तास बसले. आत कढया उकळल्या. रस्सा आणि लापशी कागदी ताटल्यांतून वाटली. हाडं अग्नीत जायला हवीत, एकूण एक. ती लोकांनी कुत्र्यांना टाकली. देवराईत कुत्री! एक पिवळं कुत्रं हंसाची मान घेऊन माझ्या समोरूनच पळालं. मुलं झाडांमागे लघवी करून येत होती. मॉस्कोची एक बाई, दंडावर पानाफुलांचं गोंदण, लिंडनला मिठी मारून डोळे मिटून उभी होती. नंतर ती माझ्याकडे आली.

"आजी, केवढी शक्ती आहे इथे! मला आतून कंप जाणवला."

"ध्वनिक्षेपकाचा असेल," मी म्हटलं.

"तुमच्या लोकांची एखादी गुप्त प्रार्थना शिकवा ना मला."

"शिकवते. आधी घरी जाऊन दोन दिवस न्हाणीत बस. मग तीस वर्षं गप्प राहा. मग ये."

तिने ते वहीत लिहून घेतलं आणि हंसाबरोबर माझा फोटो काढला. हंसाने तिची वही चावली.

चारच्या सुमाराला मंचावर नाच सुरू झाले, लोक तिकडे वळले. तेव्हा येर्मी आला. बोंडूक काढलं होतं, टोपी हातात होती. टोपी नसली की तो थेट माझ्या भावासारखा, म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा दिसतो. शेजारी गवतावर बसला.

"वाळला?"

"वाळलाय."

"चल, मागच्या जुन्या लिंडनखाली करू. विस्तव आहे माझ्याकडे. अख्खा पाठ म्हणतो. आजोबांसारखा."

मी उठले नाही. "बाकीच्या अकरांचं काय, येर्मी?"

तो गवत उपटत राहिला. नको उपटूस म्हणावंसं वाटलं, पण आम्ही कुंपणाबाहेर होतो.

"काय करायला हवं होतं मी? बाराच्या बारा परत पाठवायचे? टीव्हीसमोर? पुढच्या वर्षी परवानगी मिळाली असती? ही जागा लाकूडवाल्यांना हवीय, आत्या. दरवर्षी विचारतात. हा तमाशा होतो म्हणून झाडं उभी आहेत."

"तुझ्या आजोबांनी मेंढा परत पाठवला होता."

"आजोबांना फक्त पोलीस सांभाळायचे होते." मग तो मोठ्याने हसला, वाईट हसला. "तुला काय वाटतं, मला ओकारी येत नाही?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तुझं मी नीट करतो," तो शेवटी म्हणाला. "पण त्या अकरा घरांत बोलू नकोस. कुणाचं लेकरू, कुणाचा नवरा, कुणाचं काय. निश्चिंत मनाने गेलेत ते. तू बोललीस तर त्यांना कुठे तोंड दाखवू? देवराईत कोण येईल?"

त्याने अट घातली नाही, असं कुणी म्हणेल. मला ती अटच वाटली. आणि मी कुंपणातून आत बघितलं, तर वेरुक झाडाखाली कुशीवर झोपली होती, पोटाखाली माझी शाल. मी म्हटलं, "नाही बोलणार."

मागच्या लिंडनखाली आम्ही तिघंच होतो. वेरुकने मेणबत्ती धरली. येर्मीने वाऱ्याच्या आईपासून सुरुवात केली, एकही नाव गाळलं नाही. मंचावरचा गोंगाट येतच होता, पण पाऊण तासाने मला तो ऐकू येईनासा झाला. नवऱ्याचं नाव घेतलं, कोस्त्याचं, वेरुकचं, अजून नाव नसलेल्याचं. हंस मी स्वतः धरला होता, दोन्ही तळवे सपाट, बोटं दोघांनाही दिसतील अशी. पहिल्यांदा पाणी सोडलं. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्याला त्याने डोकं खाली घातलं, आणि चोचीपासून शेपटीपर्यंत असा शहारा गेला की तो माझ्या मनगटांतून खांद्यांपर्यंत चढला.

"घेतलं," येर्मी म्हणाला.

वेरुक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. हंस तिथेच कापून शिजवला, आणि हाडं आम्ही सगळी मोजून अग्नीत टाकली. सुटल्यासारखं वाटलं मला. खरंच वाटलं. तेहतीस वर्षांनी ह्यांचा शब्द पुरा झाला होता.

फाटकाशी आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फुगे अर्धे फुटले होते. साल्विका बाकावर बसून आमची वाट बघत होती, मांडीवर चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"आलीस? म्हटलं उन्हाने गेली की काय अक्का. झालं तुझं?"

"झालं. पाचव्याला झाडलं."

"चांगलं झालं गं! चांगलं झालं." तिने चाचपडत वेरुकचं पोट शोधलं आणि त्यावर हात फिरवला. मग वेरुक गाडीकडे गेली, तशी साल्विकाने माझा हात धरला. "अक्का, तू अगदी जवळ होतीस. मला मेलीला काही दिसत नाही. टाळ्या ऐकल्या नुसत्या. माझ्या हंसाने अंग झाडलं ना? खरं सांग. बुधवारी ते कापताहेत. नसेल झाडलं तर मी याकिमला फोन करीन, थांब म्हणीन, दुसरा पक्षी आणीन. येर्मी घरी येऊन करेल, तो नकार नाही देणार. तेवढा वेळ आहे अजून."

तिचे ते दुधाळ डोळे माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत होते. आत, कढईजवळ, येर्मी उभा होता. आमच्याकडेच बघत होता.

"झाडलं," मी म्हटलं.

"चांगलं जोरात?"

"जोरात."

"देव भलं करो तुझं!" तिने कागद उघडला. आत हंसाचा तुकडा होता, थंडगार, त्यावर चरबी गोठलेली. "माझ्यातला वाटा. तुझ्यासाठी राखून ठेवला. तू नसतीस आज शेजारी, तर माझा धीर सुटला असता. खा, माझ्यासमोर खा."

दिलेल्या वाट्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत. टाकत नाहीत. घरी नेऊन नंतर खाते असंही म्हणत नाहीत. तुकडा पंखाखालचा होता. मी तोंडात घातला. साबणाची चव लागली की नाही, देव जाणे, मला लागली. चरबी टाळूला चिकटली. मी चावत राहिले, आणि ती मान तिरकी करून माझं चावणं ऐकत होती.

"मऊ आहे ना?"

"मऊ आहे," मी म्हटलं आणि गिळला.